थंडीचा धडा राहिला होता

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे आणि थंडी पडली की मला खोकला येतो. या खोकल्यापायी मी भंगारात जाणार होते, त्याची ही गोष्ट.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या टाकीत तोंड पाहता येई. एका सुताराने मला घरी आणले. टाकीवर चिमुकली मुलगी, मागे बायको, तिच्या मांडीवर हत्यारांची पिशवी, अशी आमची वरात निघे. रोज संध्याकाळी तो मला पुसायचा, अगदी कानाकोपऱ्यांसकट.

मुलगी, म्हणजे माझी ताई, मोठी होऊन नर्स झाली. एका उन्हाळ्यात बापाने तिला मला चालवायला शिकवले. इंजिनाजवळच्या एका लहान दांडीकडे तिचे बोट गेले, तर म्हणाला, "तो चोक. त्याला आत्ता हात लावू नकोस."

थंडी यायच्या आत सुतार गेला. धडा अर्धाच राहिला.

ताईने बापाचे वाक्य जिवापाड जपले, पण त्यातला 'आत्ता' तेवढा कुठेतरी गळून पडला. त्यात घरची मोरी सारखी चोकअप व्हायची. चोक म्हणजे तुंबणे, हेच तिच्या डोक्यात बसले.

मग थंडी आली. ताई पहाटे किकवर किक मारी, मी खोके आणि गप्प होई. ऊन चढल्यावर कशीबशी सुरू होई, आणि ती दवाखान्यात उशिरा पोचे. रात्रपाळीची नर्स तिच्यासाठी ताटकळत बसे. खिडकीतून नवरा म्हणे, "गाडी नाही ती, रुसलेली आत्या आहे. देऊन टाक भंगारात."

ड्यूटी संपवून ताई मला मेकॅनिककडे नेई. त्याने प्लग बदलला, बॅटरी तपासली, कार्बोरेटर साफ केला. पण दुपारच्या उन्हात मी एका किकमध्ये सुरू! तो डोके खाजवत म्हणाला, "ताई, माझ्यासमोर तर ही शहाण्यासारखी वागते."

शेवटी नवऱ्याने भंगारवाल्याला बोलावलेच. त्या सकाळी ताईचे बाळ सांभाळायला तिची आई आली होती. बाळाला कडेवर घेऊन ती दारात उभी राहिली. ताईचे डोळे भरून आले होते. किक चालूच होती.

"अगं, ते आधी तिथे वाकून काहीतरी ओढायचे," आई म्हणाली. "मग मला म्हणायचे, बसू नकोस अजून, खोकून घेऊ दे तिला."

"तो चोक आहे, आई. ओढला तर चोकअप नाही का होणार? बाबांनीच हात लावू नको म्हटलं होतं."

"कधी?"

"शिकवताना."

"तेव्हा उन्हाळा होता, बाई. घामाने निथळत यायचात दोघं."

ताई थबकली. वाकली. दांडी ओढून तिने किक मारली. मी खोकले, धूर सोडला. घाबरून तिचा हात चोककडे गेला.

"थांब," आई म्हणाली. "खोकू दे."

थंडीत आम्हाला हवा थोडी कमी आणि पेट्रोल थोडे जास्त लागते, मित्रांनो. चोक तेवढेच करतो. अंग तापले आणि माझा आवाज संथ झाला. ताईने चोक हलकेच मागे ढकलला. भंगारवाला आला, त्याच्या हाती नवऱ्याने मोडका पंखा दिला.

मित्रांनो, जुनी वस्तू अडून बसली तर तिला हट्टी म्हणू नका. तिची सवय कुणाला आठवते का, ते आधी घरात विचारा.

आता रोज सकाळी माझे अंग तापेपर्यंत ताई बाळाला जवळ घेऊन उभी राहते. "हा चोक," ती सांगते. "थंडीत ओढायचा, उन्हात नाही."

बाळाला अजून बोलता येत नाही. पण त्याचा धडा पुरा झाला आहे.