चुन्याखालची बाई

नखाएवढा पापुद्रा केशवरावांच्या बोटाला चिकटून आला आणि खाली निळा दिसला — चित्रातल्या बाईच्या पदराचा निळा, दुसऱ्या कशाचा असणार — म्हणून त्यांनी आणखी खरवडलं, तर सरस घातलेल्या चुन्याबरोबर तो निळाही निघून आला. त्यांनी हात मागे घेतला. कानशिलं तापली होती.

आदिलाबादच्या टॉकीजमागे पत्र्याच्या आडोशाला ते आठ हात कापड उभं होतं, सगळं पांढरं, आणि पांढऱ्यावर कोळशाने नव्या तेलुगू सिनेमातल्या नायकाच्या मिशा आखलेल्या. सात वर्षं... टॉकीजचा सिनेमा बदलला की महिपत पेंटरने रंगवलेलं एखादं कापड केशवराव उचलत आणि बदल्यात बोथ गावातल्या आपल्या कापडाच्या दुकानातलं कोरं मांजरपाट देत. लोक हसत. बायको गयाबाई म्हणे, घरात परक्या बायांची तोंडं कशाला भरता? भरतो, माझी मर्जी. अकरा जमली होती, पण मराठी सिनेमातली, जात्यावरून मान वर करून पाहणारी ही एकच. परवा राज्यं नव्याने आखली, जिल्हा आंध्रात गेला, कचेरीवरच्या पाट्या बदलून तेलुगू झाल्या, आणि केशवरावांना दुर्बुद्धी सुचली — आपल्या मराठीचंही काही इथं होतं हे लोकांना दिसू दे, आठवडाभर टॉकीजवर लावा, म्हणून कापड स्वतःच्या हाताने आणून मालकाकडे दिलं. दुसऱ्याला काय बोल लावायचा? पण लावायचा होता, कडकडून लावायचा होता.

“याले हात लावू नका म्हणून सांगून गेलो होतो मी,” ते महिपतला म्हणाले.

“मालकाले सांगितलं असान,” महिपत कुंचला पुसत म्हणाला. “मले काय मालूम? थेटरात जुनं कापड आलं का त्याले चुना लागते. आपली रीतच हाय ते.”

“अन् तुले काहीच नाही वाटलं? तूच काढली होती ना तिले?”

“मीच काढली. दर हप्त्याले काढतो, दर हप्त्याले पुसतो. तुमी नेले तेवढे वाचले, केशवराव, बाकीचे समदे माह्याच हातानं गेले. कोनावर रागावू?”

तोंडाशी आलेल्या शिव्या तिथेच अडल्या. हा माणूस रडला असता, निदान ओशाळला असता, तर त्याला फाडून खाल्लं असतं... पण तो निवांत उभा होता आणि त्याचंच सगळ्यात जास्त डोक्यात जात होतं. याने एवढी पुसली आणि चिडायचं मी? घरी कुलूप लावलेल्या पेटीत दहा आहेत. सात वर्षांत एकदा तरी याला म्हटलं का, चल महिपत, तुझी चित्रं पाहायला ये?

“कापड आना,” महिपत म्हणाला, “दुसरी काढून देतो. अशीच.”

अशीच! केशवरावांनी मान हलवली, ती होकाराची की नकाराची हे त्यांचं त्यांनाच ठरवता येईना. राग तसाच होता, तसूभर कमी नव्हता. फक्त महिपतकडे पाहिलं की तो त्याच्यावर टिकत नव्हता, वळून यायचा आणि पेटीची किल्ली खिशात बाळगणाऱ्या माणसाला डसायचा.