चहाच्या मगात माझी तार

मी पत्र्याचा एक जुना डबा आहे. पण मित्रांनो, माझ्यात खाऊ शोधू नका. न्यूझीलंडच्या मोटुएका गावातल्या एका गॅरेजात, बिअरच्या मोठ्या पातेल्याशेजारी, चार स्क्रूंवर मी टांगलेला असतो. पातेल्यातली विजेची कॉइल कधी तापवायची नि कधी थांबवायची, हे मी ठरवतो. माझी एक लांब तार पाण्यात सोडलेली असते. तिच्या टोकाला जेवढी ऊब लागेल, तेवढीच मला कळते.

गॅरेजच्या मालकाने, मर्व्हने, निवृत्त झाल्यावर मला स्वतः जोडलं. आधी तो गॅसवर बिअर करायचा, तेव्हा सातूचा भरडा हमखास तळाला लागायचा. मी आलो आणि भरडा तासभर सदुसष्ट अंशांवर निवांत मुरू लागला.

"हा डबा माझ्यापेक्षा शहाणा आहे," मर्व्ह पाहुण्यांना सांगायचा.

"त्यात काय मोठंसं!" त्याची बायको नोएलीन म्हणायची.

यंदा मार्चमध्ये नोएलीनच्या हॉप्सच्या वेलाला तीन वर्षांनी पहिल्यांदा फुलं धरली. ही हिरवी फुलं बिअरला कडवट सुगंध देतात. पण ताजेपणा हवा तर खुडली त्याच दिवशी उकळीत पडायला हवीत. सकाळी दोघांनी बादलीभर खुडली. मग पातेल्यात पाणी तापायला लावलं. वीस मिनिटं झाली तरी ते गारच! माझ्या काचेवरचा आकडा मात्र एकाहत्तर अंश, म्हणून मी कॉइल बंदच ठेवली होती.

"म्हातारा झाला डबा," मर्व्ह म्हणाला. "काढतो. नवा मागवू."

"आणि माझी फुलं? नवा येईपर्यंत त्यांचं गवत होईल!"

मला तर फक्त 'टक' एवढंच बोलता येतं. मर्व्हने प्लग काढला. एक स्क्रू निघाला. दुसराही निघाला.

"चहा तरी पी," नोएलीनने वैतागून त्याचा मग उचलला. चहा गरम राहावा म्हणून मगावर घातलेल्या लोकरीच्या टोपीखालून माझी तार लोंबत वर आली.

"अरे मर्व्ह, चहाला ताप आलाय का? थर्मामीटर लावून बसलायस ते!"

मला तपासायला तो दर वेळी तार आधी आपल्या गरम चहात बुडवतो. आज फुलांच्या घाईत ती काढायचीच राहिली होती.

मर्व्ह कानापर्यंत लाल झाला. तार पाण्यात गेली, प्लग लागला. टक! कॉइल गुणगुणू लागली. दुपारी फुलं उकळीत पडली नि सारं गॅरेज दरवळलं. नोएलीनने माझ्या झाकणावर खडूने लिहिलं, 'आधी चहाचा मग पाहा.'

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तुम्ही दाखवाल तेवढंच दिसतं. आम्हाला मोडीत काढण्याआधी आमची तार कुठे बुडाली आहे, ते एकदा बघा. आणि कधी मोटुएकाला गेलात, तर मर्व्हला आठवण करून द्या. त्या आनंदात तो दोन स्क्रू परत लावायचे विसरला आहे.