लेखकाला हाका

ड्रूसिला पेनफोल्ड थिएटरात सगळ्यात वरच्या मजल्यावर, स्वस्त बाकावर बसली होती. तिने लिहिलेल्या नाटकाचा आज लंडनमध्ये पहिला प्रयोग होता. पण सरकारी परवान्यासाठी नाटकाची वही गेली ती थिएटरचे मालक क्रिम्बलसाहेब यांच्या नावाने. परवाना मिळायचा मालकाला. लिहिलं कुणी, हे कुणी विचारतच नसे. मग जाहिरातीवर लेखक म्हणूनही त्यांचंच नाव छापलं गेलं. नाटकं तपासणाऱ्या सरकारी परीक्षकाने ‘देवा’ हा शब्द तेवढा खोडला, म्हणून रंगमंचावरची मरणारी आई म्हणाली, “आभाळा, माझं लेकरू सांभाळ रे.”

शेजारची मासळीवाली डोळे पुसत होती. “बाई गं, पुरुषाच्या जातीला आईचं काळीज कसं गं कळलं?”

“कळलं असेल कुणाकडून तरी,” ड्रूसिला म्हणाली.

पडदा पडला आणि रिवाजाप्रमाणे आरोळी उठली, “लेखक! लेखक!” या हाकेला आपण उभं राहायचं, असं ती घरूनच ठरवून आली होती. ती उठली. “मी...”

“ए टोपीवाली, खाली बस!” मागून कुणीतरी खेकसलं. “लेखक दिसेना आम्हाला!”

खाली रंगमंचावर क्रिम्बलसाहेब छातीवर हात ठेवून लवून लवून नमस्कार करत होते.

मासळीवालीने तिची शाल ओढून तिला मायेने बसवलं. “हौस असली म्हणून असं मधेच उभं राहतात का, पोरी? सरक इकडे. इथून छान दिसतोय बघ.”

ड्रूसिला सरकली. आणि भरल्या घरात परक्या पाहुणीने बसावं तशी बसून, दोन डोक्यांमधल्या फटीतून आपल्या नाटकाच्या लेखकाकडे पाहत राहिली.