ओली लोकर

“दाजी, जरा इकडे या. प्लास्टिकला घाम फुटलाय,” मेहुणा म्हणाला.

त्याच्या असल्या बोलण्यावर एरवी हसणारा माणूस या वेळी हसला नाही. हातातलं स्क्रू पिळायचं मशीन खाली ठेवून तो खिडकीजवळ आला.

धंद्यातले लोक त्याला ओळंबा म्हणत, भिंतीचा सरळपणा बघायच्या लंबकावरून. चाळीस वर्षं त्याने थंडी अडवायला लोकांच्या घरांच्या बाहेरच्या भिंती आतून बंद केल्या होत्या. लाकडी सांगाड्यात काचलोकर, म्हणजे काचेच्या तंतूंची गादी, भरायची, तिच्यावर खोलीच्या बाजूने जाड प्लास्टिक ताणायचं, सांधे चिकटपट्टीने बुजवायचे आणि वर जिप्समचे बोर्ड बसवायचे. खोलीतली दमट हवा लोकरीत शिरू नये म्हणून ते प्लास्टिक. पण पाणी आधीच आत असेल, तर तेच प्लास्टिक त्याला कोंडून ठेवतं.

आज त्याच्या स्वतःच्या घरातल्या या खोलीत फक्त खिडकीजवळच्या शेवटच्या बोर्डाची जागा उघडी होती. दुपारचं ऊन बाहेरच्या फळ्यांवर तापत होतं आणि आत, प्लास्टिकच्या मागे, बारीक थेंब दाटले होते. ओळंब्याने नखाने टिचकी मारली. एक थेंब दुसऱ्याला मिळाला, दोघे तिसऱ्याला, आणि ओघळ सरळ खालच्या लाकडात उतरला.

“कुठले गठ्ठे भरलेस?”

“शेडमधले. तुम्हीच म्हणालात, आण म्हणून.”

“वरचे की खालचे?”

“हाताला लागले ते. गठ्ठ्यात कसलं आलंय वरचं-खालचं?”

खालचे गठ्ठे जमिनीची ओल पितात. म्हणून शेडमधली लोकर एक दिवस खोलीत मोकळी टाकायची, हाताची उलटी बाजू लावून बघायची आणि मगच भरायची. एवढ्यासाठी त्याने निम्म्या धंद्याला शिव्या घातल्या होत्या. पण काल सकाळी बायकोच्या हॉस्पिटलातून फोन आला, पेशंटला शनिवारी नाही, उद्याच घरी पाठवतोय. डॉक्टरांनी पुन्हा बजावलं, खोली कोरडी हवी, बुरशीचा वारासुद्धा त्या छातीला सोसणार नाही. त्या घाईत ओळंब्याने लोकरीला एकदाही हात लावला नाही. मेहुणा भरत गेला आणि हा मागून प्लास्टिक ताणत गेला.

“सुकेल की हळूहळू,” मेहुणा म्हणाला.

“कुठून सुकेल? वाट मीच बुजवलीय.”

बाहेर हॉस्पिटलची गाडी थांबल्याचा आवाज आला.

“दाजी, लावा तो बोर्ड. ताईला आत्ता काही बोलू नका. उन्हाळ्यात बघू.”

मेहुणा बहिणीला आणायला धावला. ओळंब्याने बोर्ड उचलला, जागेवर टेकवला आणि एकामागून एक स्क्रू आत घातले. भिंत पूर्ण झाली. कुणाला दाखवावी अशी झाली.

त्याची बायको भावाच्या हाताला धरून आली. दर तीन पावलांनी थांबत होती. खुर्चीत बसल्यावर बराच वेळ नुसता श्वास गोळा करत राहिली.

“चाळीस वर्षं लोकांच्या घरी, आणि आपला नंबर आज लागला,” ती म्हणाली. मग हात लांब करून तिने बोर्डावर तळवा फिरवला. “छान गुळगुळीत झालीय हो.”

“ओली आहे,” ओळंबा म्हणाला.

“दाजी!”

“कुठे ओली? कोरडी ठणठणीत तर आहे,” तिने पुन्हा हात लावून पाहिला.

“आतून. लोकर ओली भरली गेली. मी बघितलं नाही.”

तिने भावाकडे पाहिलं. तो चिकटपट्टीचं रीळ उगाच गुंडाळत होता.

“दिसायला कधी लागेल?” तिने विचारलं.

“हा हिवाळा निभेल. पुढच्यापर्यंत काळी बुरशी धरेल. वास सुटेल.”

“पुढच्या हिवाळ्यात ना?”

“हो.”

“मग राहू द्या. माझ्यापुरती पुष्कळ झाली.”

चहात साखर पुरे म्हणावं, तशा सुरात ती हे म्हणाली. मेहुणा काहीतरी पुटपुटला आणि शेडकडे निघून गेला.

ओळंब्याने मशीन उलटं फिरवायला लावलं. पहिला स्क्रू किंचाळत बाहेर आला.

“अहो, ऐकू येतंय ना? राहू द्या म्हटलं.”

“तू स्वयंपाकघरात जा. हीटर तिकडे लावलाय. चार दिवस तिकडेच झोपायचं.”

“आणि मग?”

“मग इथे.”

ती उठली नाही.

“जा म्हणतोय ना. लोकरीची कुसं उडतील.”

“प्लास्टिक फाडाल तेव्हा जाईन.”

खालचे स्क्रू निघाले, मग मधले. वरचे दोन काढताच बोर्ड पुढे झुकला. ओळंब्याने तो खांद्यावर झेलला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तिने उठून बोर्डाच्या दुसऱ्या कडेला दोन्ही तळवे लावले होते. तिच्या बाजूला काहीच वजन नव्हतं. सगळं त्याने आपल्याकडे ओढून घेतलं होतं.

“पकडलंस ना नीट?” त्याने विचारलं.

“पकडलंय,” ती धापा टाकत म्हणाली. “तुम्ही तुमची बाजू सांभाळा.”