डाव्या पायाचं बालंट

मित्रांनो, मी एका निळ्या गाडीचा जुना गिअरबॉक्स आहे. आपोआप गिअर बदलणारा. गाडीच्या पोटात, तेलात बुडून राहतो, म्हणून तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. पण एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. मी बिघडलेला नाही, आणि तसं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही.

कारखान्यात माझे दाते एकेक करून घासले, तपासले आणि मला एक नेम घालून दिला. चालवणाऱ्याच्या पायाकडे लक्ष ठेवायचं. पाय हलका पडला, की लवकर वरचा गिअर द्यायचा. पाय जोरात पडला, की त्याला ताकद हवी आहे असं समजून खालच्याच गिअरमध्ये थांबायचं. आणि रोजच्या पायाची सवय ध्यानात ठेवायची. हा नेम मी एक दिवसही मोडलेला नाही.

आमच्या घरची सून दवाखान्यात नर्स आहे. तिचा पाय असा पडतो, जणू बाळ झोपलेल्या खोलीतून चाललीय. सात वर्षं तिनं मला चालवलं. गाडी पुरती थांबल्याशिवाय कधी रिव्हर्स गिअर टाकला नाही. शेजारी बसलेल्या मैत्रिणी म्हणायच्या, "गिअर कधी बदलतो ते कळतसुद्धा नाही गं." मी तेलातल्या तेलात फुगायचो.

मग तिचा हात मोडला, आणि तिला कामावर सोडायला सासरे गाडी चालवू लागले. ते निवृत्त बस ड्रायव्हर. आयुष्य डाव्या पायानं क्लच दाबण्यात गेलेलं. आमच्या गाडीत क्लचच नाही, दोनच पॅडल. पण त्यांच्या डाव्या पायाला हे कोण सांगणार? तो सवयीनं क्लच शोधत यायचा आणि थेट ब्रेकवर बसायचा. उजवा पाय म्हणे पळ, डावा म्हणे थांब. दोघांचं ऐकता ऐकता मी तापून जायचो, आणि गाडी हिसका मारायची.

"बाबा, जरा हळू."

"हळूच चालवतोय. हा गिअरबॉक्स खुळा आहे. माझ्या बसमध्ये उभ्या माणसाच्या हातातला चहा सांडला नाही कधी."

"माझा डबा मात्र पर्समध्ये सांडलाय."

दोन आठवडे हेच चाललं. शेवटी घरात ठरलं, मला काढून भंगारात द्यायचं. सात वर्षांची चाकरी, आणि बालंट कुणाच्या पायाचं!

गॅरेजमधली मेकॅनिक बाई मात्र घाईची नव्हती. "काका, काढायचा तर काढू. आधी एक फेरी मारून दाखवा," म्हणत ती शेजारी बसली. पहिल्याच वळणावर हिसका बसला. ती खाली वाकून त्यांचे पाय बघत राहिली.

"काका, डावी चप्पल काढून माझ्याकडे द्या."

"कशाला?"

"द्या तर. आणि तो पाय मागे ओढून ठेवा. पुढे आला तर चप्पल परत मिळणार नाही."

ती चप्पल मांडीवर घेऊन बसली. डावा पाय अनवाणी, सीटला चिकटून राहिला. पहिली दोन वळणं मी जुन्या धाकानं खालचाच गिअर धरून ठेवला. तिसऱ्या वळणापासून मी त्यांना माझं खरं काम दाखवलं. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. हूं की चूं नाही. ते जुने ड्रायव्हर होते, त्यांना कळलं.

गॅरेजच्या दारात सून गळ्यात हात बांधून उभी होती. "काय निघालं, बाबा? बदलायचा ना?"

"नको. तेल कमी होतं जरासं."

मेकॅनिक बाई हसू दाबत चप्पल पाठीमागे घेऊन उभी राहिली.

"आणि तुमच्या एका पायात चप्पल का नाही?"

"उकडतंय."

मित्रांनो, तेल पुरेपूर होतं. काठोकाठ.

जीव वाचला म्हणून मी गप्प बसावं, असं तुम्हाला वाटेल. मी बसणार नाही. तुम्ही उद्या मोठे व्हाल, गाड्या चालवाल. माझं कौतुक करा नाहीतर करू नका, पण शिव्या घालण्याआधी खाली वाकून एकदा आपला पाय बघा. तुम्ही शिकवाल तसा मी चालेन, हा माझा नेम आहे. तुमची चूक मात्र मी माझ्या नावावर घेणार नाही. भंगारात गेलो तरी नाही.