शिवणखोलीतलं ऊन

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी भर दुपारी चंद्रिकाबाईंना मशीनवर बसल्या बसल्या घेरी आली, आणि संध्याकाळी त्यांच्या मुलानं निकाल देऊन टाकला.

"अम्मा, साकु, पुरे आता! वरची खोली बंद. पुढच्या रविवारी एक माणूस येईल, मशीन आणि टेबल घेऊन जाईल."

"कुणाचं मशीन?" बाई अंथरुणावर उठून बसल्या.

"तुझंच. खाली बसून शिव म्हटलं तर तुला उजेड पुरत नाही. एसी लावावा तर वायरमन म्हणतो, जुनी वायर आहे, पेट घेईल. त्या भट्टीत तुला पुन्हा पडू देऊ काय?"

मुलगा, शरत, हेब्बाळच्या कंपनीत नोकरीला होता. पोरगा वाईट नव्हता, घाबरला होता. पण चामराजपुरमच्या त्या घरात गच्चीखालची ती एक खोलीच बाईंची स्वतःची होती. त्यांचे सासरे शेषगिरीराव तिथं शिवायला बसत. सासरे गेले, मग नवरा गेला, रेडीमेड दुकानांनी निम्मं गिऱ्हाईक नेलं, तरी तिथलं मशीन थांबलं नव्हतं. दर शनिवारी गल्लीतली पोरं तिथंच बटण लावायला आणि टाका घालायला शिकत. मशीन गेलं की बाईंनी दिवसभर करायचं काय? टीव्हीसमोर बसून शेंगा सोलायच्या?

"पुढचा रविवार म्हणालास ना?" त्या म्हणाल्या. "मग त्या रविवारी भर दुपारी तू वर येऊन जेवायचं. पान संपेपर्यंत बसवलं नाही, तर मशीन मी स्वतः देऊन टाकीन. बसवलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"अम्मा, सुम्ने, उगाच हट्ट करू नको."

"हट्टच आहे. मग?"

शनिवारी पोरं सुईदोरा घेऊन आली, तर बाईंनी सगळ्यांना भिंतीशी उभं केलं. "आज बटण नाही. आज ऊन कुठून घरात शिरतं ते पकडायचं. डोळ्यांनी नाही, हातांनी. जिथं तळवा चटकेल तिथं चोर आहे."

नात सुप्रीता टेबलावर चढली आणि तिनं छताला हात लावला. "अय्यो अज्जी! हा तर दोश्याचा तवा!"

"सापडला पहिला चोर. आता काळ्या कपड्यात उन्हात उभं राहिलं तर कसं वाटतं?"

"गरम."

"आणि पांढऱ्यात?"

"कमी गरम." पोरांनी वर बघितलं. वरची गच्ची शेवाळानं काळी पडली होती.

"तिला पांढरं झंपर घालू या," बाई म्हणाल्या. "चुना लावायचा."

"चुना म्हणजे सुण्णा ना, अज्जी?"

"तोच. पानाला लागतो तेवढा नाही, बादलीभर."

बाईंनी चुना भिजवला, निवल्यावर जुन्या धोतरातून गाळला आणि धरून राहावा म्हणून त्यात थोडा डिंक घातला. ऊन उतरल्यावर गच्ची घासली, ओली केली आणि पहिला हात दिला. पोरांच्या हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, पण बादलीजवळ कुणाला येऊ दिलं नाही. "चुना कुणाचा डोळा ओळखत नाही. लांबून कुंचा चालवा." रविवारी संध्याकाळी दुसरा हात झाला. सोमवारी दुपारी सुप्रीतानं छताला तळवा लावला आणि तो बराच वेळ तिथंच ठेवला.

दुसरा चोर पश्चिमेची खिडकी. बाईंनी उरलेल्या ड्रिल कापडाच्या तुकड्यांचा अस्तर लावलेला पडदा शिवला, खाली चुणीदार झालर लावली आणि खोलीत शिरताच नजरेत भरेल असा आतून टांगला. खोली तशीच तापत राहिली. सुप्रीतानं पडदा आणि काच यांच्यामध्ये हात घातला आणि झटकन काढून घेतला.

"अज्जी, ऊन तर आत येऊन बसलंय. आपण त्याला नुसतं पांघरूण घातलं."

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. शिंप्याच्या हाताला सवयच अशी, की केलेलं काम चार माणसांना दिसलं पाहिजे. त्यांनी कात्री घेतली, कर्रकन झालर उसवली आणि पडदा बाहेरून, सज्जाच्या कडेला बांबू लावून, काचेपासून हातभर लांब बांधला. आता तो रस्त्यावरच्या कावळ्यांना दिसत होता. मशीनवरचा तापणारा पिवळा बल्बही त्यांनी काढला आणि एलईडी लावला.

शनिवारी बाईंनी रंगीत तालीम घेतली. दुपारी ब्लाउज शिवायला बसल्या. सुरुवातीला छान वाटलं. पण थोड्याच वेळात मानेवरून घाम ओघळला.

खालून शरतनं हाक मारली, "काय अम्मा, उतरतेस काय खाली?"

"तू उद्या चढायचं बघ!" त्या ओरडल्या आणि पदरानं मान पुसली. छत झालं, खिडकी झाली. आता राहिलं काय?

पोरांना शिकवलं तेच त्यांनी केलं. डोळे मिटून तळवा फिरवला. भिंत बरी. मशीन बरं. आणि उजवीकडे, टेबलाच्या टोकाशी, हात आपोआप थबकला. इस्त्री.

शेषगिरीरावांचा या खोलीतला कायदा असा, की सकाळी विठोबापुढे दिवा, मग इस्त्री, मग मशीन. शिवण घातली की लगेच दाबायची, आणि शेवटचा कपडा घडी होईपर्यंत इस्त्री थंड होऊ द्यायची नाही. कोळशाच्या काळात ते बरोबरच होतं. एकदा निखारे विझले की पुन्हा फुलवण्यात सकाळ जायची. कोळसा जाऊन वीज आली, कायदा तेवढा राहिला. इतकी वर्षं ती उजव्या कोपराशी तापत होती, म्हणून बाईंना ती ऊब खोलीचीच वाटायची.

भिंतीवरच्या फोटोतून सासरे बघत होते. "मामंजी, रागवायचं तर रागवा," बाई म्हणाल्या आणि इस्त्री बंद केली. मग शिवण अंगठ्याच्या नखानं दाबत, ब्लाउज तसाच पुढं शिवत राहिल्या. नखानं शिवण बसते, कडक बसत नाही एवढंच. कडक उद्या सकाळी, गारव्यात, सगळ्या कपड्यांची एकदमच. नवा कायदा.

रविवारी भर उन्हात शरत वर आला. बाईंनी पान वाढलं. भात, डाळीची कढत हुळी, पापड.

"अम्मा, हुळी मुद्दाम इतकी गरम केलीस?"

"मग? मला फसवाफसवी नको."

तो घाम शोधत जेवला. आधी मान चाचपली, मग छताकडे बघितलं, मग निमूट पुन्हा भात मागून घेतला. वर ताक, मज्जिगे, प्याला. टेबलावरचा पंखा हळू फिरत होता. "जरा पाठ टेकतो," म्हणाला आणि कापड कापायच्या चटईवर आडवा झाला.

जिन्यावर पावलं वाजली. मशीन न्यायला आलेला दत्तोजीराव टेम्पोवाला दारात उभा राहिला. "बाई, ते मशीन कुठलं?"

चंद्रिकाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला. मुलगा झोपलाय." त्या मशीनच्या पलीकडे जाऊन बसल्या आणि पायडलवर पाय ठेवला. "आणि हेच ते मशीन. हे कुठंही जात नाही. तुमच्या शर्टाची खिशापाशी शिवण उसवलीय. आणा इकडे, घालून देते."