आक्काबरोबरचा पाळणा

अंजना लग्न होऊन कृष्णाकाठच्या त्या गावात आली तेव्हा तिला सोळावं सरत होतं. माहेर वाईच्या बाजूला, डोंगराच्या कुशीत. इथं सगळा सपाट मुलूख, जिकडं बघावं तिकडं ऊस. नवरा कृष्णात पलटणीत. लग्नाची हळद उतरायच्या आत त्याची रजा संपली आणि तो ट्रंक उचलून निघून गेला. मागं सासू हरणाबाई, थोरले दीर हंबीरराव आणि थोरली जाऊ राहीबाई. अंजना तिला आक्का म्हणायची.

माघात देवीची जत्रा भरायची. गावापासून कोसभर लांब, माळावर. त्या पहिल्या वर्षी आक्कानं सासूला सांगितलं, "आत्याबाई, अंजीला देवीची वटी भरायला न्हेते." ओटी भरून झाली आणि आक्कानं अंजनाचा हात धरून तिला देवळामागच्या माळावर नेलं. तिथं अंजनानं जे बघितलं, ते तिनं जन्मात कधी बघितलं नव्हतं. तंबूत काचेच्या पेटीत बसलेली नागकन्या होती. कमरेखाली साप, वर बाईचं तोंड, आणि ती चक्क बोलत होती. दुसऱ्या तंबूत आरसे होते. एकात आक्का ढोलासारखी दिसली, दुसऱ्यात उसाच्या कांडक्यासारखी. फोटोवाल्याकडं पुठ्ठ्याचं विमान होतं. त्यात दोघी बसल्या आणि अंजनाला खरंच वाटलं, आता हे उडणार.

आणि सगळ्यांच्या वर तो पाळणा. इंजिनावर चालणारा, देवळाच्या कळसापेक्षा उंच. पाळणेवाला बिराप्पा सीमेपलीकडून यायचा, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलायचा. पाळणा वर गेला. अंजनानं आक्काचा दंड गच्च धरला. वर, अगदी टोकाला, पाळणा क्षणभर थांबला.

"भिऊ नगंस," आक्का तिच्या कानाशी म्हणाली. "तकडं बघ. ती काळी रेघ दिसती का आभाळाला लागून? त्येच्या पल्याड तुजं म्हायेर. धूर निगतोय बघ, तुजी आय भाकरी करत आसंल."

अंजनानं बघितलं. तिला रेघ दिसली, धूर दिसला, आणि नीट बघितल्यावर घाटावरचं देऊळसुद्धा दिसलं. लग्नानंतर पहिल्यांदा ती मोकळी हसली.

पुढं दरसाल त्या दोघी जायच्या. वर्षभर राबायचं, सासूची बोलणी खायची, आणि मनात जत्रेचा तो एक दिवस धरून ठेवायचा. अंजनाला मूल झालं नाही. आक्काला दोन मुलगे झाले, कोंडीबा आणि सयाजी. पण जत्रेच्या दिवशी आक्का पोरांना सासूजवळ सोडायची. "आज आमच्या दोगींचा दिस," असं ती बजावून सांगायची. कृष्णात रजेवर आला की अंजनाला विचारायचा, "काय आणू गं तुला?" तिला काही सुचायचं नाही. तिला जे हवं होतं ते माळावर आपोआप दरसाल यायचं.

मग बांगलादेशची लढाई झाली. कृष्णात त्यातनं धडधाकट परत आला, पण त्याचा स्वभाव तापट झाला होता. त्यात पाऊस दडी मारून बसला. विहिरीला पाणी राहिलं नाही, आणि जे होतं त्याच्या पाळीवरून दोघा भावांत जुंपली. शब्दाला शब्द वाढला. हंबीररावानं कृष्णाताची कॉलर धरली, कृष्णातानं बॅटरीनं त्याच्या कपाळावर मारलं. आठ दिवसांत वाटणी झाली. हंबीरराव बायकापोरांसकट रानातल्या वस्तीवर राहायला गेला. परत पलटणीत जाताना कृष्णातानं उंबऱ्यात उभं राहून बजावलं, "माज्या माघारी त्या लोकांशी कोण बोललं, तर मी मेलो म्हणून समजा."

हरणाबाई धाकट्याकडं राहिली. ती पदर तोंडात धरून आत गेली. त्या दिवसापासून तिनं थोरल्याचं नावही काढलं नाही.

अंजनाचे दिवस मग फार मोठे झाले. सासू बोलणारी बाई होती, तीही मुकी झाली. अंजना म्हशीशी बोलायची, चुलीशी बोलायची. पाणी आणायला बायका जमल्या की तिच्याशी बोलायच्या, पण दोन घरांच्या भांडणात आपण कशाला पडा, म्हणून बेतानंच. कधी बांधापलीकडं आक्काचं हिरवं लुगडं दिसायचं. अंजना उभी राहायची. आक्का मान खाली घालून वाळल्या उसात शिरायची. आक्कालाही हंबीररावानं तसंच बजावलं असणार, हे तिला कळत होतं. तरी ती हलणाऱ्या उसाकडं बघत राहायची.

दुष्काळातली जत्रा उदास भरली. नागकन्येचा तंबू आलाच नाही. हरणाबाई देवळाच्या ओवरीत म्हाताऱ्यांत बसली आणि अंजना एकटीच माळावर गेली. बिराप्पानं तिला ओळखलं.

"जोडीदारीन कुठं हाय, बाई?"

"न्हाई आली."

"एकलीला कसं बशिवनार? पाळना कलतोय."

थोडा वेळ त्यानं कुणी दुसरी बाई येते का याची वाट बघितली. मग वाळूनं भरलेलं पोतं उचलून अंजनाशेजारी ठेवलं. पाळणा फिरला. वर गेल्यावर अंजनानं त्या बाजूला बघितलं. सगळीकडं धूळ होती. रेघ नाही, काही नाही. शेजारचं पोतं हेलकाव्यासरशी तिच्या अंगावर कलत होतं. ती एका हातानं त्याला सावरत राहिली आणि खाली उतरेपर्यंत रडत राहिली.

पुढच्या साली पाऊस पडला. ऊस परत उभा राहिला आणि माघात माळ माणसांनी फुलला. अंजना ओटी भरून बाहेर आली, तर कासाराच्या पालासमोर आक्का बांगड्या भरत बसलेली. दोन्ही पोरं तिच्या पाठीशी रेलून उभी. जरा पलीकडं हंबीरराव बैलांच्या घुंगुरमाळा हलवून बघत होता. कपाळावरचा व्रण दिसत होता.

अंजनाचे पाय थबकले. नवऱ्याचा शब्द कानात वाजला. बोललं तर तो मेला असं समजायचं. असल्या शब्दाची तिला भीती वाटायची. पलटणीतल्या माणसाबद्दल असं मनातसुद्धा आणू नये. पण ती पोरं किती वाढली होती! धाकट्या सयाजीचे पुढचे दात पडले होते आणि हे तिला माहीत नव्हतं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सरळ पुढं गेली.

"आक्का, पाळन्यात बसायचं न्हवं?"

आक्काचा हात कासाराच्या हातात तसाच राहिला. तिनं आधी नवऱ्याकडं बघितलं. "अंजे, जा गं बाई," ती पुटपुटली. "ते हायती तितं."

"असू द्यात. मी मोठ्यानंच इचारलं."

हंबीररावानं ऐकलं होतं. त्याच्या हातातली घुंगुरमाळ थांबली. अंजनाकडं त्यानं नजर वर करून बघितलं नाही. घसा खाकरला, माळ परत दुकानदाराच्या पुढ्यात टाकली आणि म्हणाला, "हे न्हाई पटत. पल्याडच्याकडं बघतो." आणि तो त्यांच्याकडं पाठ करून लांब, पार दोरखंडवाल्यांच्या रांगेपर्यंत चालत गेला.

आक्का उठली. पोरांना घेऊन दोघी पाळण्यापाशी आल्या.  आक्कानं पहिल्या वर्षीसारखा अंजनाचा हात धरला होता. बिराप्पा हसला, पाळण्याची कडी काढून उभा राहिला. अंजना चढली. आक्का खालीच.

"या की."

"न्हाई गं. मला न्हाई जमायचं."

"का? भवंड येती?"

"आता कशाला खोटं बोलू?" आक्का म्हणाली. "मला पयल्यापास्नंच लय भ्या वाटायचं. डोळं घट्ट मिटून बसायची मी. खाली पाय टेकस्तोवर देवीचं नाव घ्यायची."

अंजना पाळण्यातून उतरली. "मग माजं म्हायेर? धूर? आय भाकरी करतीया, म्हनायच्या ते?"

"खुळे, मला आभाळ सुदिक दिसत न्हवतं! आन वाई कुठं, आपून कुठं? त्या बाजूला वाई हाय का कराड हाय, कुनाला ठावं."

"आवं, पर मला दिसायचं."

आक्काचे डोळे भरून आले. "त्या वर्सी तू पंदरा दिस परसात तोंड लपवून रडत हुतीस. मला वाटलं, ही पोर झुरून मरंल. पाळन्यात तू हसलीस. मग म्या ठरिवलं, जीव गेला तरी दरसाल बसायचं."

 इतकी वर्षं अंजनाला वाटत होतं, वर गेल्यावर दोघी एकच गोष्ट बघतात. आता कळलं, वर ती एकटीच होती. आणि त्याच वेळी कळलं की तिच्यासाठी एवढं भय कुणी गिळलं नव्हतं, आईनंसुद्धा नाही. 

"चल, बसू," आक्का म्हणाली आणि खरंच पाय उचलून ठेवायला लागली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"नगं आक्का. पोरांना बसवू आपून."

कोंडीबा आणि सयाजी पाळण्यात बसले. दोघी खाली जमिनीवर बसून चुरमुरे खात राहिल्या, मान वर करून पोरांना हाका मारत राहिल्या. बोलायचं खूप होतं. बोलणं झालं ते म्हशीचं, कोंडीबाच्या शाळेचं, आक्काच्या गुडघ्याचं. मग दोरखंडवाल्यांच्या रांगेकडून हंबीररावाची हाक आली. आक्का उठली, पोरांना गोळा केलं. "जाते गं," म्हणाली, आणि दोन पावलं जाऊन परत आली, अंजनाच्या गालावरून हात फिरवला. पुन्हा कधी भेटायचं हे दोघींपैकी कुणी बोललं नाही. अंजना पाठमोरी चालणारी ती माणसं गर्दीत मिसळेपर्यंत बघत राहिली.

ओवरीत सासू एकटीच उरली होती. बाकीच्या म्हाताऱ्या गेल्या होत्या.

"कुठं हुतीस इतका येळ?"

अंजनानं खोटं सांगायचं ठरवलं होतं. ते तिच्या जिभेवर आलं नाही. "आक्कासंगं बसले हुते. भावजींनी बगितलं, पर ते काय बोललं न्हाईत. तुमाला ह्येंला पलटनीत कळवायचं आसंल, तर कळवा."

 हरणाबाई काठी टेकत उठली, वहाणा शोधल्या. दोघी गाडीवाटेला लागल्या. पुढं एक बैलगाडी चालली होती, तिच्या धुळीतनं त्या बराच वेळ चालल्या. ओढा ओलांडताना म्हातारी थांबली. काठी पाण्यात तशीच रुतवून उभी राहिली.

"पोरं कशी हायती गं?" तिनं विचारलं.  "सयाजी वळखू येतो का?"

अंजनानं सासूचा हात धरून तिला ओढ्याच्या काठावर घेतलं. आणि मग घर येईपर्यंत ती पोरांविषयी सांगत राहिली. थोरला बापासारखा पाय टाकतो, धाकट्याचे दात पडलेत आणि तो शिट्टी वाजवायला बघतो, दोघांच्या अंगात नवे सदरे होते. सांगून संपलं की म्हातारी म्हणायची, "आनि?" आणि अंजना पुन्हा पहिल्यापासून सांगायची.